थोरली आणि धाकली

२०२३ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी एकाच वेळी आपले पणजोबा शोधायला घेतले. मराठा-कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावची दप्तरं माळ्यावरून खाली उतरली. शाळांची जनरल रजिस्टरं, जन्म-मृत्यूचा गाव नमुना नंबर चौदा, कोतवाल बुकं, हक्कनोंदी, जुने दस्त यांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्या माणसांच्या दारात रांगा लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने ५४ लाख नोंदी सापडल्याचं सांगितलं. या शोधाचा सगळा रोख पुरुषांवर होता. आजा, पणजा, खापरपणजा आणि त्यांच्या नावापुढची जात, एवढंच हवं होतं. पण त्याच पानांवर, शेजारच्याच ओळीत बायकांची नावंही होती. ती कुणी मागितली नव्हती, तरी कित्येक घरांत ती या निमित्ताने पहिल्यांदा वाचली गेली.

‘घराणं’ या विषयावर लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या अशाच एका घराची हकीकत माझ्या कानावर आलेली होती. नातवाच्या कुणबी दाखल्यासाठी त्या घराने कागद गोळा केले. दाखल्याचं काय व्हायचं ते होईल, पण कागदांतून दोन बायका समोर आल्या. दोघीही एकाच पुरुषाच्या. घरात त्यांना थोरली आणि धाकली म्हणतात. या दोघींपैकी कुणाचं लग्न कधी लागलं, लागलं की नाही, आणि पुढचा वंश कुणाच्या पोटचा, याचा मेळ काही केल्या बसेना. मी तो मेळ बसवायची धडपड बघायला गेलो. घराचं नाव आणि मूळ गाव इथे लिहीत नाही. तशी त्यांची इच्छा आहे आणि ती रास्त आहे.

उभ्या मारुतीच्या पुढे

शिवाजी पेठेत घर शोधताना पत्त्यापेक्षा तालमीचं नाव उपयोगी पडतं. उभा मारुती चौकातून आत वळलं की गल्ल्या अरुंद होत जातात. दोन्ही अंगांना जुन्या कौलारू घरांच्या जागी उभे राहिलेले तीन मजले, मधेच एखादा शिल्लक वाडा, दारात बांधलेली म्हैस, भिंतीवर फुटबॉल संघाचे रंग. पलीकडे गांधी मैदान. तिथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं, ते बुजवून मैदान झालं. पेठेतली कितीतरी घरं करवीर तालुक्यातल्या खेड्यांतून इथे आली. कुणी संस्थानच्या नोकरीसाठी, कुणी तालमीसाठी, कुणी नुसत्या गावच्या भाऊबंदकीला कंटाळून. त्यामुळे घर पेठेत आणि कागद गावात, अशी फाळणी बहुतेकांच्या नशिबी असते. पेठेतल्या घराची मिळकत पत्रिका सिटी सर्व्हेत मिळते, पण शेताचा उतारा आणि आजोबांचा जन्म-मृत्यू गावच्या दप्तरात पडून असतो.

घरातले काका एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी समोर कागद मांडून ठेवले होते. त्यांच्या आई, नव्वदी ओलांडलेल्या आजी, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“हे बघा, माझा आजा हा,” काकांनी एका कागदावर बोट ठेवलं. “त्याच्या दोन बायका. आमच्या वडिलांना आम्ही धाकलीचा मुलगा समजत आलो. आता भाऊकीतलं एक जण म्हणतंय, धाकली पाटाची होती, तिचं लगीन लागलंच नव्हतं. दुसरं म्हणतंय, तुमचे वडील थोरलीचे. खरं काय मानायचं?”

आजी मधेच म्हणाल्या, “मी कवा इचारलो न्हाई. सासू म्हंजे सासू. थोरली का धाकली, मला तिनं सांभाळलं न्हवं?”

प्रश्न एवढाच होता. जमिनीची वाटणी दोन पिढ्यांपूर्वी होऊन गेलेली, कुणाचं काही अडत नव्हतं. तरी काकांना झोप लागत नव्हती, आणि मला ते फार समजण्यासारखं वाटलं. ज्या बाईने घर उभं केलं तिच्याबद्दल कुणीतरी अर्धवट काही बोलतं आणि आपल्यापाशी उत्तर नसतं, तेव्हा ते लागतंच.

नोंदवहीच नव्हती

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लग्नाची नोंद काढली की संपलं. पण कोल्हापूर संस्थानात शंभर वर्षांपूर्वी साध्या हिंदू लग्नाची सरकारदरबारी नोंद होतच नव्हती. जन्म लिहिला जाई, मृत्यू लिहिला जाई, जमीन तर इंच इंच लिहिली जाई. लग्न मात्र मांडवात लागे, आणि त्याची साक्ष होती मांडवात बसलेल्या माणसांची. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३ चा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या आठव्या कलमात नोंदणीची सोय आहे, पण नोंद केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, हेही तिथेच म्हटलं आहे. महाराष्ट्राचा आजचा विवाह नोंदणी कायदा १९९८ चा, आणि सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं ते २००६ मध्ये. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी जोडप्यांच्या लग्नाचाही सरकारी कागद नाही. पणजीचा कुठून असणार?

याच शहरात दुसरी तऱ्हाही होती. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आला आणि ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. चर्चमधलं लग्न वहीत लिहिलं जातं, वधूवर आणि साक्षीदार सह्या करतात. मुसलमान घरात निकाहनामा असतो. गोव्यात तर पोर्तुगीज अमलात हिंदूंची लग्नंही सरकारी दप्तरात चढत होती, त्यामुळे पेडण्याच्या माणसाला जे कचेरीत जाऊन मिळतं ते करवीरच्या माणसाला देव्हाऱ्यात आणि पत्र्याच्या ट्रंकेत शोधावं लागतं.

संस्थानात कायदा अगदीच गप्प होता असंही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली आणि १९१९ मध्ये आंतरजातीय, आंतरधर्मीय विवाहाला. पण काकांच्या आजोबांसारख्या शेतकऱ्याचं जातीतलं, चारचौघांसारखं लग्न या कशातच बसत नाही. जे रूढ होतं, ज्यावर वाद नव्हता, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

काकांना कुणीतरी सल्ला दिला होता, गावच्या जोशांच्या घरी जुन्या वह्या असतील, त्यात बघा. सल्ला चांगला आहे, पण कोल्हापूर भागात त्याला एक मर्यादा आहे. इथे १९११ मध्ये सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली, भास्करराव जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ लिहिलं, आणि ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्नं लावायची चळवळ खेड्यापाड्यांत पोहोचली. विठ्ठलराव डोणे यांच्यासारख्या माणसांनी बहुजन समाजातून पुरोहित तयार केले. तेव्हा त्या दशकातलं एखादं लग्न जोशांच्या वहीत सापडलं नाही, तर त्यावरून ते लागलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. ते दुसऱ्या कुणी लावलेलं असू शकतं.

देव्हाऱ्यातला टाक

कागद बघून झाल्यावर मी आजींना देव्हारा दाखवता का, असं विचारलं. खंडोबा, भवानी, जोतिबा यांचे टाक ओळीने होते. त्यांच्या कडेला, थोडा वेगळा, दोऱ्यात ओवायला कडी असलेला एक लहानसा चांदीचा टाक होता. झिजून त्यावरची आकृती जवळजवळ सपाट झालेली.

“ह्यो देवाचा न्हाई,” आजी म्हणाल्या. “ह्यो थोरलीचा. सासूबाईंच्या गळ्यात कायम असायचा. न्हाताना सुदीक काढायच्या न्हाईत. नवी साडी आणली की आदी टाकाला लावायच्या, मग नेसायच्या.”

सवतीचा टाक. पहिली बायको वारल्यावर दुसरी करून आणली तर तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक बांधायची रीत महाराष्ट्रात अनेक जातींत होती. गेलेलीने मागे राहिलेलीला त्रास देऊ नये, तिचा मान राहावा, असा त्यामागचा समज. आज ती रीत दुर्मीळ झाली आहे आणि त्यामागची भीती गेली हे चांगलंच झालं. पण काकांच्या प्रश्नासाठी हा झिजलेला चांदीचा तुकडा कुठल्याही सरकारी उताऱ्याइतका बोलका होता. त्यावरून कळतं की थोरली आधी वारली आणि धाकली नंतर आली. दोघी एकत्र नांदल्या नाहीत. भाऊकीत अशीही एक वदंता होती की धाकली थोरलीच्या हयातीतच घरात आली होती. ती इथे गळून पडते.

मग मी पितृपक्षाचं विचारलं. या घरात अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला, सवाष्ण जेवू घालतात. आजींच्या सासूने सुरू ठेवलेला परिपाठ आजींनी चालवला आणि आता सून चालवते. ही नवमी नवऱ्याच्या हयातीत गेलेल्या स्त्रीसाठी असते. धाकली विधवा होऊन पुष्कळ वर्षं जगली, तेव्हा ही सवाष्ण तिच्यासाठी नाही. ती थोरलीसाठीच. नवऱ्याच्या माघारी नव्हे, त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली, कुंकवाची बायको म्हणून हे घर शंभर वर्षं तिला जेवू घालत आलं आहे. थोरलीच्या लग्नाचा याहून ठळक कबुलीजबाब दुसरा कुठला हवा?

ज्या घरांत पुरोहिताकडून तर्पण होतं तिथे अजून एक धागा मिळतो. तर्पणात आई, आजी, पणजी यांच्यानंतर सापत्नमातेचं नाव वेगळं घ्यायचं असतं. म्हाताऱ्या माणसाने लिहून ठेवलेली तर्पणाच्या नावांची चिठ्ठी मिळाली तर सख्खी कोण आणि सावत्र कोण याचा निवाडा तिथल्या तिथे होतो. या घरात तशी चिठ्ठी नव्हती.

कोम, बिन आणि अ.पा.क.

आता कागद. काका वडिलांना धाकलीचा मुलगा समजत आले, कारण तसा कागद होता. आजोबा वारले तेव्हा काकांचे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोन्ही मुलगे अज्ञान होते. जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर दोघांची नावं लागली आणि पुढे ‘अ.पा.क. आई’ म्हणून धाकलीचं नाव. अज्ञान पालन कर्ती. महाराष्ट्रातल्या लाखो उताऱ्यांवर ही तीन अक्षरं आहेत आणि बाईचं नाव शेतीच्या कागदावर यायचं ते बहुधा याच वाटेने. काकांनी ‘आई’ वाचलं आणि विषय संपला असं धरलं.

पण तलाठ्यापुढे प्रश्न एवढाच होता की अज्ञान मुलांच्या वतीने कोण बघणार. बाईने हात वर केला, गावाने मान डोलावली, ‘आई’ लिहिलं गेलं. सख्खी का सावत्र हे लिहायला रकाना नव्हता. कागद खोटा नाही, पण तो ज्या कामासाठी लिहिला गेला तेवढ्याच कामाची ग्वाही तो देतो. जुने कागद वाचताना हा एक विचार सतत जवळ ठेवला तर निम्मे घोटाळे टळतात.

मोडीतल्या एका दस्तात धाकलीचं नाव ‘कोम’ लावून आलं आहे. जुन्या कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांनी ओळ मोठ्याने वाचली तेव्हा काका खूश झाले, बायको म्हणून लिहिलंय म्हणजे लगीन झालं. ते गृहस्थ सावध होते. ते म्हणाले, कारकून लग्नाच्या बायकोलाही कोम लिहितो आणि पाटाच्या बायकोलाही. याने बायको ठरते, विधी ठरत नाही. मोडीच्या स्वतःच्या अडचणीही त्यांनी दाखवल्या. बोरू न उचलता ओळ पळत जाते, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घ वेगळं दिसत नाही. सालाची तर तीन-तीन गणितं. शक असेल तर ७८ मिळवायचे, फसली असेल तर ५९० आणि सुहूर सन असेल तर ५९९, तेही महिना कोणता आहे ते बघून. फसली आणि सुहूर ही दोन्ही सालं मृगाला बदलतात, चैत्रातही नाही आणि जानेवारीतही नाही. एवढं लक्षात न घेता काढलेली तारीख एका वर्षाने इकडेतिकडे होते, आणि मग बाळ लग्नाआधी जन्मलं असं भलतंच निघतं. त्यातून कुणाच्या तरी पणजीवर विनाकारण बोट उठतं.

मानमोडीचं साल

थोरली कशाने गेली, हे आजींना ठाऊक होतं. “मानमोडीत गेली. सासूबाई सांगायच्या. एका दिसात घरातली दोन माणसं.”

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबई बंदरातून तो आत शिरला आणि त्या पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत त्याने गावंच्या गावं आडवी केली. आजींनी नुसतं ‘साथीत गेली’ म्हटलं असतं तर उपयोग झाला नसता. प्लेग त्याआधी वीस वर्षं या भागात पुन्हा पुन्हा येत होता, कुठली साथ धरायची? पण मानमोडी एकदाच आली. लोकांनी साथींना दिलेली नावं अशी तारखेच्या जागी उभी राहतात. गाव नमुना चौदामध्ये थोरलीच्या मृत्यूची ओळ मिळाली नाही. १९१८ मध्ये देशभर मृत्युनोंदणीच कोलमडली होती, लिहिणारेही आजारी होते. ओळ न मिळणं हे त्या सालाशी विसंगत नाही.

आता काकांच्या वडिलांचा जन्म. शाळेच्या रजिस्टरात १ जून १९१६. ही १ जून आपल्याकडच्या अर्ध्या जुन्या पिढीची जन्मतारीख आहे. शाळेत नाव घालताना पालकाला तारीख सांगता यायची नाही, मास्तर शाळेच्या सोयीने १ जून टाकायचे आणि साल पोराच्या चणीवरून. तेव्हा तारीख सोडून द्यायची आणि साल एखाद-दुसऱ्या वर्षाने सैल धरायचं. सैल धरलं तरी १९१४ ते १९१८. थोरली १९१८ च्या शरदात गेली, धाकली त्यानंतर आली. धाकटा भाऊ रजिस्टरात १९२२ चा. काकांचे वडील थोरलीच्या पोटचे, हे इथे जवळजवळ ठरतं.

काकांनी हे आईकडे न बघता ऐकलं. आजी मात्र शांत होत्या. “असंल,” एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तरीच. जेवायला बसताना त्यांना आदी वाढायच्या. थोरलीचं पोर उपाशी ऱ्हायलं असं कुनी म्हनू ने म्हनून.”

आजोबांचं दुसरं लग्न कधी झालं असेल, याला पंचांगाचाही आधार मिळतो. चातुर्मासात लग्नं नाहीत, अधिक महिन्यात नाहीत, आणि गुरू सिंह राशीत असताना, म्हणजे सिंहस्थात, लग्नाचे मुहूर्त वर्ज्य. १९२०-२१ हे सिंहस्थाचं साल. घरात दोन-चार वर्षांचं पोरकं मूल आहे, शेती आहे, माणूस तिशीच्या आत आहे. सिंहस्थ लागण्याआधी उरकून घ्या, असं घरातली मोठी माणसं म्हणाली असणार. हा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच तो वहीत एका बाजूला लिहिला गेला.

ही चाळणी इतर घरांनाही उपयोगी आहे. १ एप्रिल १९३० पासून सारडा कायदा लागू झाला, मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा हवं असं ठरलं, आणि त्याआधीच्या महिन्यांत ब्रिटिश हद्दीत लहान लहान मुलांच्या लग्नांची झुंबड उडाली. घरातली म्हातारी ‘मला पाळण्यात बाशिंग बांधलं’ म्हणत असेल, तर त्या हंगामाकडे एकदा बघावं.

दुसऱ्यांच्या वह्या

आपल्या घरच्या लग्नाची नोंद बरेचदा आपल्या घरात नसते, ती आहेर देणाऱ्याच्या घरात असते. कुणाच्या लग्नात काय दिलं हे लिहून ठेवावं लागतं, कारण त्यांच्याकडून परत काय आलं ते पडताळायचं असतं. काकांच्या आजोबांना एक बहीण होती, पन्हाळ्याच्या बाजूला दिलेली. तिच्या सासरच्या घरात लाल फडक्यात बांधलेली आहेराची वही निघाली. त्यात वैशाख, शके १८४१, गावाचं नाव, आजोबांचं नाव आणि पुढे ‘लगीन दुसरे’, धोतर एक, लुगडं एक, रोख रुपया. शके १८४१ चा वैशाख म्हणजे १९१९ चा उन्हाळा. मानमोडीनंतरचा पहिलाच लग्नसराईचा हंगाम, सिंहस्थाच्या आधीचा.

‘लगीन’ लिहिलं आहे, ‘पाट’ नाही. दोन्हींत त्या काळी फरक होता. कुमारिकेचं लग्न लागे, मग नवरा बिजवर का असेना. विधवेचा पाट लागे, तोही बहुधा रात्री, मोजक्या माणसांत, अक्षता-वाजंत्रीशिवाय. मराठेशाहीत सरकारही हा भेद मानून लग्नटका आणि पाटदाम असे वेगवेगळे कर घेत असे. धाकली पाटाची असती तरी ती रीतसर बायकोच होती. कुणब्यांत, मराठ्यांत, बलुतेदारांत पाट ही समाजमान्य गोष्ट होती, आणि पाटाची म्हणून आज कुणी तोंड वाकडं करावं याला काही अर्थ नाही. ज्या जातींनी विधवांचं केशवपन करून त्यांना कोपऱ्यात बसवलं त्यांच्यापेक्षा पाट लावून बाईला पुन्हा संसार देणाऱ्या जाती माणुसकीला अधिक धरून वागल्या. तरीही जे झालं ते झालं तसंच लिहिलं पाहिजे, आणि वही लगीन म्हणते.

या वहीवर किती विश्वास ठेवायचा? इथे मला न्यायालयांनी घासून घेतलेली एक कसोटी फार कामाची वाटते. १८७२ च्या पुरावा कायद्यात नातेसंबंधाबद्दल मृत माणसाचं विधान ग्राह्य धरलं जाई, पण अट अशी की ते वाद निर्माण होण्यापूर्वी केलेलं हवं. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हेच तत्त्व आहे. आहेराची वही लिहिणाऱ्याला शंभर वर्षांनी भाऊकीत काय बोलणं होणार हे ठाऊक नव्हतं. त्याला फक्त लुगड्याचा हिशेब ठेवायचा होता. उलट २०२३ मध्ये दाखल्यासाठी घाईघाईने तयार केलेल्या वंशावळी आणि प्रतिज्ञापत्रं ही गरजेपोटी लिहिलेली आहेत. ती खोटी असतीलच असं नाही, पण उद्याच्या संशोधकाने ती पुरावा म्हणून आधी उचलू नयेत.

लग्न झालं की नाही हे ठरवताना न्यायालयांचे दोन तराजू आहेत. १९६५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने द्विभार्येच्या गुन्ह्यासाठी दुसरं लग्न विधिवत लागल्याचा पुरावा मागितला आणि तो नाही म्हणून आरोपीला सोडलं. आणि १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पन्नास वर्षं नवराबायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न गृहीतच धरलं, इतक्या वर्षांनी पुरोहित आणि साक्षीदार कुठून आणणार, असं विचारून. शिक्षा द्यायची असेल तर विधी सिद्ध करा, नातं मान्य करायचं असेल तर आयुष्य बघा. पणजीचं नाव वंशावळीत लिहिताना आपण दुसऱ्या तराजूजवळ उभे असतो.

हेळवी येतो तेव्हा

थोरलीचं माहेर कुठलं, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ते हेळव्याकडून कळलं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात सुगीनंतर बैल घेऊन फिरणारे हेळवी हे आपले चालतेबोलते दप्तरदार आहेत. ठराविक गावं, ठराविक घराणी त्यांच्याकडे वंशपरंपरेने असतात. दारात येऊन ते मूळ गाव, कुलदैवत आणि पिढ्यांमागून पिढ्यांची नावं म्हणतात, नवी पोरं वहीत चढवतात, धान्य किंवा पैसे घेऊन पुढे जातात. पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर हेळवी चढत नाही, म्हणून काका मुद्दाम गावी जाऊन थांबले. त्याने आजोबांच्या नावापुढे दोन्ही बायका आणि दोघींच्या माहेरची आडनावं सांगितली.

हेळव्याचं सांगणं मुख्यतः मुलग्यांच्या वंशाचं असतं. दान देणाऱ्या यजमानाला गोड वाटेल असं मूळही त्यात कधी कधी मिसळतं. म्हणून ते दुसऱ्या आधाराने पडताळावं लागतं. त्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरूने स्वतः लिहिलेली किंवा कुलकर्ण्याकडून लिहवून दिलेली घरातल्या माणसांची नावं त्यांत असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये पान काढून देतात. हरिद्वारच्या अशाच वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने काढून ठेवले. आपल्याकडच्या कितीतरी नामावळ्या मात्र अजून कापडात बांधलेल्या, वाळवीच्या तोंडाशी आहेत. त्यांचे फोटो काढून ठेवायचं काम या पिढीने केलं नाही तर पुढच्या पिढीला करण्यासारखं काही उरणार नाही.

दोन तारखा, एक लग्न

काकांना एका गोष्टीची खंत वाटत होती की इतकं करूनही सगळं ‘अंदाजे’च राहिलं. मी त्यांना सांगितलं, थोरामोठ्यांचंही याहून वेगळं नाही. शिवछत्रपतींच्या जन्माचं साल १६२७ की १६३० हा वाद पिढ्यान् पिढ्या चालला. जेधे शकावली टिळकांनी १९१६ मध्ये उजेडात आणली तरी महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारायला २००१ उजाडलं. आणि लग्नाचंच म्हणाल तर १६७४ मध्ये राज्याभिषेकापूर्वी महाराजांनी आपल्या राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह केले. त्याच जोडप्याची दोन लग्नं, दोन तारखा, आणि दोन्ही खऱ्या. वंशावळीत एकच रकाना ठेवणाऱ्याने कुठली तारीख लिहायची?

म्हणून काकांनी छापील तक्ता टाकून दिला आणि दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक बाईला स्वतंत्र पान. वडिलांचं नाव आता थोरलीच्या पानावर आहे, समोर ‘बहुधा, जवळजवळ खात्री’, आणि खाली आधार: टाक, नवमी, शाळेचं रजिस्टर, आजींचं मानमोडीचं सांगणं. धाकलीच्या पानावर लग्न वैशाख शके १८४१, आधार आजोबांच्या बहिणीच्या सासरची आहेराची वही. त्याखाली भाऊकीत पाटाचं बोललं जातं हेही लिहिलं आहे, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं यासह. खोडायचं काही नाही, असं काकांनीच ठरवलं. ‘वडिलांना वाढवलं’ ही ओळ आजींनी नातीकडून त्याच पानावर लिहवून घेतली.

ती नात कॉलेजात आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं सरकारने ठरवलं, ते तिने आजींना समजावून सांगितलं. आजींनी लगेच विचारलं, मग सावत्र आईनं वाढवलं तर कुणाचं लावायचं? त्यावर घरात बराच वेळ बोलणं चाललं.

थोरलीचं लग्न मात्र अजून सालाशिवाय आहे. ‘१९१० ते १९१५ च्या दरम्यान’ एवढंच पानावर आहे आणि आधारासमोरची जागा कोरी आहे. हेळव्याने सांगितलेल्या माहेरच्या गावात त्या आडनावाची तीन घरं आहेत. काका सुगी आटोपल्यावर तिकडे जाणार आहेत. तिथल्या आहेराच्या वह्या बघायच्या, जुन्या भांड्यांवर घातलेली नावं वाचायची, आणि त्या घरात मानमोडीत गेलेल्या लेकीची आठवण कुणी सांगतं का ते विचारायचं.